इंग्रजीच्या वर्गात गप्प बसणारी मुले : वाचकांचे प्रश्न

घरी एक बोली आणि वर्गात इंग्रजी, अशा मुलांविषयी गेल्या दोन महिन्यांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच येथे संक्षेपाने छापली आहेत. रावेरच्या शिक्षिकांचा प्रश्न थोड्याफार फरकाने सगळ्यांचाच आहे. म्हणून त्यांचे उत्तर लांबले आहे, आणि पुढच्या उत्तरांत तेच पुन्हा लिहिलेले नाही.

प्रश्न : मी आठवीच्या सेमी-इंग्रजी वर्गाला गणित आणि विज्ञान शिकवते. निम्मी मुले घरी लेवा गणबोली बोलतात आणि सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारी काही मुले पावरी बोलतात. मराठीतून समजावले की सगळी माना डोलावतात; पण इंग्रजी प्रश्नपत्रिका हाती पडली की निम्मे प्रश्न कोरे सोडतात. प्रत्येक वाक्याचे भाषांतर करीत गेले तर तास संपतो आणि धडा तिथेच राहतो. काय करावे? (एक शिक्षिका, रावेर तालुका)

उत्तर : आपण मराठीचा आधार घेता यात काहीच गैर नाही. घोटाळा होतो तो वाक्यागणिक भाषांतर करण्याने. मी धुळ्याला शिकवू लागलो तेव्हा पहिली काही वर्षे हेच करीत असे. एके दिवशी घसा बसला होता, म्हणून पुस्तकातले इंग्रजी वाक्य कसेबसे वाचले आणि पुढचे बोलणे टाळून फळ्याकडे वळलो. मागे पाहतो तर सगळा वर्ग पेन उचलून वाट पाहत बसलेला. माझे इंग्रजी वाक्य म्हणजे त्यांच्या लेखी खऱ्या वाक्याआधीचे खाकरणे होते. दहा सेकंदांत मराठी येणारच आहे हे ज्याला ठाऊक आहे, ते मूल इंग्रजी ऐकण्याचे कष्ट कशाला घेईल? असे वर्षभर चालले की मूल विज्ञान मराठीतून शिकते आणि इंग्रजीशी त्याची एकट्याने गाठ पडते ती थेट परीक्षेच्या दिवशी.

त्यापेक्षा दोन्ही भाषांना तासात आपापली जागा नेमून द्यावी. पस्तीस मिनिटांचा तास असेल तर पहिली सात-आठ मिनिटे पुस्तक मिटलेले असावे आणि बोलणे मराठीत, जमल्यास मुलांच्या बोलीत व्हावे. मधला मोठा भाग इंग्रजीत असावा. मात्र त्या वेळी आकृती, वस्तू, हातवारे आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले शब्द यांची भरपूर साथ असावी, आणि भाषांतर करण्याचा मोह आवरावा. शेवटची पाच-सात मिनिटे मुलांची. आपल्याला काय समजले ते त्यांनी शेजारच्याला आपल्या बोलीत सांगावे आणि मग त्याचीच दोन वाक्ये इंग्रजीत वहीत लिहावीत.

आपल्या भागातलेच उदाहरण घेतो. विज्ञानात शाकीय प्रजनन हा भाग येतो. इंग्रजी पुस्तकात त्याला ‘व्हेजिटेटिव्ह प्रॉपगेशन’ म्हटले आहे. आपण म्हणाल, मराठी शब्द सांगितला की मुलांना कळेल. पण रावेरच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ‘शाकीय प्रजनन’ हा शब्द इंग्रजीइतकाच परका असतो. आपण ज्याला मराठीतून समजावणे म्हणतो, ते पुष्कळदा संस्कृतातून समजावणे असते. म्हणून आरंभ शब्दापासून करू नये. वर्गाला विचारावे, ‘केळीचे बी कोणी पाहिले आहे का?’ वर्ग हसेल. ‘मग बी नसताना दरवर्षी नवी बाग लागते कशी?’ यावर अर्धा वर्ग एकदम बोलू लागेल, कारण बुंध्याशी फुटलेले मुनवे, ते खणून काढणे, कंद निवडणे, आणि हल्ली त्याऐवजी टिश्यूची रोपे आणणे, हे सगळे त्यांनी बांधावर उभे राहून पाहिलेले असते. एखादा मुनवा वर्गात आणून ठेवता आला तर उत्तमच. मग त्याच मुनव्याकडे बोट दाखवून ‘सकर’, बुंध्याकडे दाखवून ‘पॅरेंट प्लांट’, आणि बी न लागता एका झाडापासून दुसरे होते या गोष्टीला ‘व्हेजिटेटिव्ह प्रॉपगेशन’ असे नाव द्यावे. अर्थ आधी पोहोचलेला असतो. इंग्रजी शब्दाला बसायला जागा तयार असते. पावरी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या घरी मुनव्याला काय म्हणतात ते विचारून तोही शब्द फळ्यावर लिहावा. याला अर्धे मिनिट लागते, आणि वर्षभर मागच्या बाकावर बसलेले मूल त्या अर्ध्या मिनिटापुरते वर्गाचे शिक्षक होते.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. केळी-कापसाच्या शेतात इंग्रजी आधीच राहायला आलेले आहे. ड्रिप, फिल्टर, व्हॉल्व्ह, प्रेशर, मेन लाइन, लॅटरल हे शब्द शाळेचे तोंड न पाहिलेला माणूसही दिवसातून दहा वेळा वापरतो. भूमितीत ‘लॅटरल सरफेस’ आले की मुले बिचकतात. पण मुख्य नळीच्या बाजूला जाते ती लॅटरल, तसे वरचा आणि खालचा भाग सोडून बाजूचे पृष्ठ ते लॅटरल सरफेस, एवढे सांगितले की शब्द ओळखीचा होतो. विज्ञानातील ‘प्रेशर’चेही तसेच आहे. ड्रिपच्या शेवटच्या टोकाला पाणी कमी का पडते, या प्रश्नावर शेतकऱ्याचे मूल पुस्तकापेक्षा चांगले बोलते.

आता कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांकडे वळू. आपण त्या प्रश्नपत्रिका पुन्हा काढून पाहाव्यात. मुलांना अडवणारे शब्द बहुधा विज्ञानाचे नसतात. ‘फोटोसिंथेसिस’ अवघड असल्यामुळे आपण तो दहा वेळा सांगतो आणि मुले तो पाठ करतात. अडतात ती सोप्या दिसणाऱ्या शब्दांवर. ‘स्टेट द लॉ’ मधील ‘स्टेट’ त्यांना स्टेट बँक आणि स्टेट हायवे यांतून माहीत असतो; येथे त्याचा अर्थ ‘सांगा, मांडा’ असा आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. ‘प्रॉडक्ट’ म्हणजे दुकानातली वस्तू, तर गणितात तो गुणाकार. ‘व्हॉल्यूम’ टीव्हीचा, ‘टेबल’ लाकडाचे, ‘पॉवर’ लाइटची, ‘रूट’ झाडाचे. गणिताच्या पुस्तकात या सगळ्यांनी वेश बदललेला असतो. त्यात ‘डिस्टिंग्विश’, ‘जस्टिफाय’, ‘गिव्ह रीझन्स’ अशी हुकूम देणारी क्रियापदे. जुन्या प्रश्नपत्रिका चाळून असे हुकमाचे शब्द एकदा वेचून काढावेत. ते फार नसतात; एका तक्त्यात मावतात. प्रत्येकापुढे मराठी अर्थ आणि उत्तर कसे सुरू करावे याचा एकेक नमुना लिहून तो तक्ता वर्गात कायमचा लावावा. धडा सुरू करण्यापूर्वी त्या धड्याचे पाच-सहा शब्द निवडावेत, त्यांत निदान दोन तरी असे वेशांतर केलेले असावेत. पंचवीस शब्दांची यादी वहीत उतरवून घेण्याचा काहीही उपयोग होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

गणितात शब्दांपेक्षा शब्दांचा क्रम जास्त फसवतो. ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’ असे वाचले की मूल पाच वजा बारा मांडते, कारण ते डावीकडून उजवीकडे जसे ऐकले तसे लिहीत असते. मराठीत आपण ‘बारापेक्षा पाचने कमी’ म्हणतो, म्हणजे बारा आधी येतात आणि मांडणीही बारा वजा पाच अशीच होते. मुलाची वजाबाकी कच्ची नाही. इंग्रजी वाक्य मराठीच्या उलट्या दिशेने चालते, एवढेच त्याला ठाऊक नाही. दोन्ही वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून बाण काढून दाखवले की ही चूक आठवड्यात निम्म्याने कमी झालेली मी पाहिली आहे. अपूर्णांकाचेही असेच. ‘तीन छेद चार’ म्हणणाऱ्या मुलाला ‘थ्री फोर्थ्स’ मधील ‘फोर्थ’ म्हणजे चौथा नंबर वाटतो. लहान वर्गांत तर संख्यांपासूनच सुरुवात आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि ‘ट्वेंटी फाइव्ह’ म्हणताना वीस. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन सुचवले तेव्हा महाराष्ट्रभर जो वाद झाला, तो याच उलट्या क्रमावरून. त्या उपायाविषयी मतभेद असू शकतात. मुलांची अडचण मात्र खरी होती.

शेवटचे, आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे थांबणे. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे दिसले. तेच थांबणे तीन सेकंदांवर नेले की मुलांची उत्तरे लांबली आणि गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. आपल्या मुलांना तर प्रश्न इंग्रजीत ऐकून, आपल्या भाषेत विचार करून, उत्तर पुन्हा इंग्रजीत जुळवायचे असते. त्यांना पाच-सात सेकंद द्यावेत. ती शांतता शिक्षकालाच सोसवत नाही, हे कबूल करायला हवे.

प्रश्न : आमचा मुलगा आर.टी.ई.च्या २५ टक्के जागांतून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीत लागला. घरी आम्ही सगळे अहिराणी बोलतो. पाच महिने झाले, तो शाळेत एक शब्द बोलत नाही. घरी मात्र आजीशी सारखी बडबड. पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत आणतो. बाईंनी सांगितले की घरात अहिराणी बंद करा आणि इंग्रजी बोला, शिवाय एकदा डॉक्टरांनाही दाखवा. आम्हा दोघांना इंग्रजी येत नाही. सासूबाईंना वाटते की त्यांच्यामुळे नातवाचे नुकसान होत आहे. (एक आई, अमळनेर)

उत्तर : ताई, आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ पाण्याच्या बाटलीची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. मुलगा पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायले की लघवीला जावे लागेल आणि त्यासाठी बाईंना इंग्रजीत विचारावे लागेल. असा हिशेब सहा वर्षांचे मूल मनातल्या मनात करते आणि दिवसभर तहान मारून बसते. हा माझा अंदाज आहे, पण अशी मुले मी इतकी पाहिली आहेत की तो बहुधा खरा ठरेल. उद्याच शाळेत जाऊन बाईंना सांगावे की त्याला हाताची एखादी खूण करून बाहेर जाऊ द्या. मग घरी ‘मे आय गो टू द टॉयलेट’, ‘वन्स मोर, प्लीज’ आणि ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ ही तीनच वाक्ये खेळात पाठ करून घ्यावीत. कवितांपेक्षा यांची निकड मोठी आहे.

त्याचे गप्प राहणे हा बहुधा आजार नाही. नवी भाषा कानावर पडू लागल्यावर मुले काही आठवडे, कधी कित्येक महिने नुसती ऐकत असतात; जगभर असे आढळते आणि अभ्यासक त्याला मौनकाळ म्हणतात. या काळात मूल रिकामे बसलेले नसते. ‘उभे राहा’, ‘वही काढ’ या सूचना इंग्रजीत दिल्यावर ते इतरांकडे न पाहता कृती करते का, एवढे बाईंनी पाहावे. करीत असेल तर भाषा आत चालली आहे. त्याच्याकडून सर्वांसमोर बोलून घेण्याचा आग्रह मात्र धरू नये. आधी मान हलवून, मग एका शब्दात, मग शेजारच्या मुलाच्या कानात, अशा पायऱ्यांनी तो बोलेल.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक साधी परीक्षा घरीच होईल. तो अहिराणीत काल घडलेली गोष्ट क्रमाने सांगतो का, आजीने सांगितलेली दोन-तीन कामे लक्षात ठेवून करतो का, त्याच्या वयाच्या मुलांसारखा भांडतो-खेळतो का? आपण लिहिले आहे की घरी बडबड चालते. म्हणजे बोलण्याची आणि समजण्याची शक्ती शाबूत आहे. अडचण बहुधा फक्त नव्या भाषेची आहे. अहिराणीतही तो मागे पडत असता, तर कान, डोळे आणि मग तज्ज्ञ अशी तपासणी जरूर करावी लागली असती. कान आणि डोळे एकदा तपासून घेण्यात तसेही नुकसान नाही.

आता सासूबाईंचे. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवावा. ज्या मुलाजवळ एका भाषेत भरपूर शब्द, गोष्टी आणि ‘कसाले’चे, म्हणजे ‘कशाला’चे, प्रश्न असतात, त्याला दुसरी भाषा शिकणे सोपे जाते, कारण विचार करण्याची सवय एकदाच लावावी लागते. आई-वडिलांनी तोडक्या-मोडक्या इंग्रजीत बोलायला घेतले की घरातले बोलणे ‘कम’, ‘ईट’, ‘सिट’ एवढ्यावर येते आणि मुलाला कोणत्याच भाषेत पुरेसे ऐकायला मिळत नाही. संध्याकाळी आजीने विचारावे, ‘आज शाळामा काय व्हयनं?’ आणि पुस्तकातली चित्रे पाहून नातवाने आजीला अहिराणीत धडा सांगावा. हा त्याचा उत्तम अभ्यास आहे. शिवाय अहिराणी इंग्रजीच्या आड येते असे समजणाऱ्यांना मी एक गंमत दाखवत असतो. ‘पाऊस पडस’ आणि ‘पाऊस पडी ऱ्हायना’ यांत जो फरक आहे, तोच ‘इट रेन्स’ आणि ‘इट इज रेनिंग’ यांत आहे. इंग्रजी व्याकरणाचा तास तासभर घोकून जे शिकवतो, ते आजीच्या तोंडून नातवाला आधीच मिळालेले आहे. फक्त ते जुळवून दाखवणारा शिक्षक हवा.

वेळेची अपेक्षाही नीट ठेवावी. कॅनडातील भाषाभ्यासक जिम कमिन्स यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले की मैदानावर आणि डब्याच्या सुटीत चालणारी बोलण्याची भाषा मुले साधारण दोन वर्षांत उचलतात, पण धडा वाचून समजण्याची व उत्तर लिहिण्याची शाळेची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षे लागतात. हे आकडे इंग्रजी चोहीकडे ऐकू येणाऱ्या देशातले आहेत. अमळनेरला शाळेच्या फाटकाबाहेर इंग्रजी संपते, तेव्हा पाच महिन्यांत घाबरून जाण्याचे काहीच कारण नाही. मात्र दोन-तीन वर्षांनी तो फाडफाड बोलू लागेल, तेव्हा सगळे म्हणतील की झाले काम. खरी मदत त्याला त्याच वेळी, तिसरी-चौथीत, वाचण्यासाठी लागेल.

प्रश्न : आमच्या निवासी इंग्रजी शाळेत आदिवासी विकास विभागाच्या नामांकित शाळा योजनेतून धडगाव व अक्कलकुवा भागातील मुले येतात. आवारात फक्त इंग्रजी बोलायचे असा नियम असून तो मोडल्यास दंड आहे. तरी निकाल सुधारत नाहीत आणि होळीला घरी गेलेली काही मुले परतच येत नाहीत. या मुलांची वेगळी तुकडी करावी असे संस्थेत चालले आहे. (एक मुख्याध्यापक, शहादा तालुका)

उत्तर : महोदय, दंडाचा नियम आजच काढून टाकावा, अशी विनंती आहे. रात्री वसतिगृहात पोट दुखत असताना मुलाने कोणत्या भाषेत सांगावे, याचे उत्तर त्या नियमात नाही. नियमामुळे मुले इंग्रजी बोलत नाहीत, बोलणेच थांबवतात, आणि ज्याला दिवसभर बोलता येत नाही ते मूल होळीला घरी गेले की परतण्याचे कारण शोधत बसत नाही. निदान वसतिगृहाचा एक कर्मचारी तरी पावरी किंवा भिली जाणणारा असावा. नव्या मुलाला पहिले वर्षभर त्याच्या भाषेतला, पण इंग्रजी सरावलेला, वरच्या वर्गातील एक सोबती नेमून द्यावा.

वेगळी तुकडी करण्यास माझा विरोध आहे. त्या तुकडीत मुलांना इंग्रजी ऐकायला मिळते ते फक्त शिक्षकाचे, आणि ‘त्यांची तुकडी’ हा शिक्का दहावीपर्यंत पुसला जात नाही. दिवसातून एखादा तास लहान गटात भाषेचा जादा सराव जरूर घ्यावा, पण तो खेळाचा किंवा चित्रकलेचा तास तोडून घेऊ नये. ज्या तासाला भाषेविना चमकता येते, तोच या मुलांचा आधार असतो. तसेच सगळ्यांना एकाच वर्गात नुसते बसवले म्हणजे न्याय झाला, असेही नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांतील सुमारे १,८०० चिनी भाषक मुलांना इंग्रजीची कोणतीही जादा मदत मिळत नव्हती. त्यांच्या बाजूने ‘लाव विरुद्ध निकोल्स’ हा खटला लढवला गेला आणि १९७४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्यांना भाषाच कळत नाही, त्यांना इतरांसारखीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिल्याने समान वागणूक दिली असे होत नाही. तो निकाल तिथल्या कायद्याचा आहे, आपल्याला लागू नाही. त्यातला विचार मात्र शहाद्याच्या वर्गखोलीतही तपासून पाहण्यासारखा आहे.

भाषेच्या जादा तासाची जागा मैदान असू दे. जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत अशी की शिक्षकाने सूचना द्यायची, मुलांनी ती शरीराने पाळायची आणि बोलण्याची सक्ती नसायची. धावा, वळा, दगड उचला, झाडामागे ठेवा, असे इंग्रजीत सांगत गेले की ‘बिहाइंड’ आणि ‘अंडर’ हे शब्द पायांना कळतात. सातपुड्यातली मुले यात शहरातल्या मुलांच्या पुढे जातात.

आणि होळीची तक्रार करण्याऐवजी होळीचाच उपयोग करावा. आपल्याकडे ‘माय फेव्हरेट फेस्टिव्हल’ या निबंधात धडगावचे मूलही पाठ केलेली दिवाळी लिहिते. त्याला होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराविषयी, काठी गावच्या राजवाडी होळीविषयी, ढोल आणि मोरपिसांच्या टोपांविषयी आधी आपल्या भाषेत बोलू द्यावे, चित्र काढू द्यावे, चित्रातल्या वस्तूंना इंग्रजी नावे लिहू द्यावीत आणि मग पाच वाक्ये मागावीत. ती वाक्ये चुकीची असतील, पण त्याची स्वतःची असतील. सुटीवर जाताना हीच वही सोबत द्यावी. वही परत आणायची असली की मूलही परत येते, असा माझा एका वसतिगृहातला अनुभव आहे.

प्रश्न : आम्ही सुरतेहून गावी परत आलो. मुलगी पाचवीपर्यंत गुजराती माध्यमात शिकली. आता सहावीच्या सेमी-इंग्रजी वर्गात आहे. ती मराठी लिहिताना शिरोरेषा देत नाही, अक्षरे मिसळते आणि इंग्रजीत मागे आहे. तिला एक वर्ष खाली बसवावे का? (एक पालक, शिंदखेडा)

उत्तर : बसवू नये. गुजराती लिपीला शिरोरेषा नसते आणि तिची काही अक्षरे व अंक देवनागरीहून वेगळे आहेत. ही सवयीची बाब आहे आणि रोज दहा ओळी लिहिल्याने काही महिन्यांत सुटते. तिला भागाकार आणि अपूर्णांक येतात का ते केवळ अंकांची उदाहरणे देऊन तपासावे. येत असतील तर ते ज्ञान गुजरातीतून मिळाले म्हणून कमी होत नाही, आणि पाचवीत पुन्हा बसून तिला त्यात काही नवे मिळणार नाही. इंग्रजीसाठी चौथी-पाचवीची इंग्रजी पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, ती सुटीत वाचून घ्यावीत. सुरतेचा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर होत असेल तर चिंता नको. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शासकीय किंवा अनुदानित शाळेला त्या कारणाने आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता येत नाही.

प्रश्न : विज्ञान बरोबर पण इंग्रजी चुकीचे असेल तर गुण द्यावेत का? सहकाऱ्यांत यावरून दोन तट पडले आहेत. (एक शिक्षक, चाळीसगाव)

उत्तर : शाळेच्या अंतर्गत चाचणीत द्यावेत. ‘प्लांट मेक फूड सनलाइट’ असे लिहिणाऱ्या मुलाला प्रकाशसंश्लेषण कळले आहे, आणि पाठ केलेला निर्दोष परिच्छेद दुसऱ्याच प्रश्नाखाली उतरवणाऱ्याला ते कळलेले नाही. पहिल्याचे पूर्ण गुण द्यावेत आणि शेजारी त्याचेच वाक्य दुरुस्त करून हिरव्या शाईने लिहावे. ते त्याने वहीत एकदा उतरवावे. आकृती काढून नावे दिलेले उत्तर, किंवा मधल्या सुटीत तोंडी दिलेले उत्तरही चाचणीपुरते मान्य करण्यास हरकत नाही. दहावीच्या बोर्डाला हे चालणार नाही, असे आपल्या दुसऱ्या तटाचे म्हणणे असेल आणि ते खरे आहे. म्हणून ही सवलत आठवीत मोकळ्या हाताने द्यावी, नववीच्या दुसऱ्या सत्रापासून पूर्ण वाक्याला एक गुण राखून ठेवावा, आणि तसे करणार असल्याचे मुलांना जूनमध्येच सांगून ठेवावे.